रोजनिशीला चाल लावताना

ध्रुवीय मोहिमांवर गाणी रचली गेली आहेत असं सांगितलं, की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: तिथं गाण्यासारखं आहे तरी काय? झाड नाही, गाव नाही, महिनोन्‌महिने सूर्य दिसत नाही. जी माणसं तिकडे गेली ती वारा, तापमान आणि अंतर लिहून ठेवणारी. विरहाला चाल लागते, भूपाळीला लागते. ‘आज तीन किलोमीटर चाललो’ या वाक्याला कशी लागणार?

प्रश्न रास्त आहे. त्याचं सगळ्यांत समाधानकारक उत्तर मला एका गीतमालेत सापडलं. अमेरिकन संगीतकार डॉमिनिक आर्जेंटो यांची ‘द आंद्रे एक्स्पिडिशन’ ही तेरा गाण्यांची माला १९८३ मध्ये पहिल्यांदा गायली गेली. ती एका पुरुष गायकासाठी आणि पियानोसाठी लिहिलेली आहे. तिचे शब्द कोणा कवीचे नाहीत. उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या आणि परत न आलेल्या तीन स्वीडिश माणसांच्या रोजनिशांतून आणि पत्रांतून ते घेतले आहेत. ती माला आपण उलगडून पाहणार आहोत, पण त्याआधी दोन गोष्टी समजून घेऊ.

१. आर्ट साँग म्हणजे काय

युरोपातलं आर्ट साँग हे आपल्या भावगीताचं जवळचं नातलग. कविता आधी असते, संगीतकार तिला चाल लावतो आणि एक गायक ती गातो. नाटकाचा पोशाख नाही, नाच नाही. फरक आहे तो साथीत. भावगीतात पेटीवाला आणि तबलजी ठरलेल्या चौकटीत आपापल्या हाताने रंग भरतात आणि गाणं ओळखलं जातं ते चालीवरून. आर्ट साँगमध्ये पियानोचा प्रत्येक स्वर संगीतकाराने लिहून दिलेला असतो. हा पियानो गायकाच्या मागून चालणारा नसतो, त्याला स्वतःचं म्हणणं असतं. गायक एक सांगतो, तेव्हा पियानो कधी दुजोरा देतो, कधी गप्प राहतो, तर कधी गायक मनातलं लपवतोय हे आपल्याला कळू देतो.

या प्रकाराचा मोठा कारागीर फ्रान्झ शुबर्ट. १८२७ मध्ये त्याने विल्हेल्म म्युलर या कवीच्या चोवीस कवितांना चाली लावल्या. ‘विंटररायझं’, म्हणजे हिवाळ्यातला प्रवास. प्रेमभंग झालेला एक माणूस बर्फातून एकटा चालत सुटतो, एवढीच कथा. शेवटच्या गाण्यात पियानोचा डावा हात सुरुवातीपासून अखेरपर्यंत आपल्या षड्ज-पंचमासारखी एकच रिकामी जोडी धरून बसतो. तानपुऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानाला ती जोडी आधार वाटते. इथे मात्र तेवीस गाणी स्वरांची ये-जा ऐकल्यावर ती अचानक थिजते, आणि माणसाला पुढे जायला जागा उरलेली नाही हे शब्दांच्या आधी कानाला कळतं. बर्फाचं गाणं करणाऱ्या पुढच्या प्रत्येक संगीतकाराला या मालेशी हिशेब चुकता करावाच लागतो.

२. बर्फ मुका नसतो

दुसरी गोष्ट आवाजाची. ध्रुवाजवळ निःशब्द शांतता असते अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात तसं नसतं. समुद्रावर गोठलेला बर्फ वाऱ्याने आणि प्रवाहाने ढकलला जातो, लाद्या एकमेकींवर चढतात, कण्हतात, तडकतात. हिमनदीचा तुकडा पाण्यात पडून वितळू लागला, की त्यात शेकडो वर्षं दाबून बसलेली हवा बारीक तडतडत बाहेर पडते.

आवाज तिथं दूरवरही जातो. बर्फालगतची हवा अतिशय थंड आणि तिच्या वरची थोडी उबदार असली, तर आवाजाच्या लाटा वर निसटून न जाता पुन्हा जमिनीकडे वळतात. ब्रिटिश कॅप्टन पॅरीच्या १८२४-२५ च्या आर्क्टिक मोहिमेत लेफ्टनंट फॉस्टरने पोर्ट बोवेनच्या बंदरात पलीकडच्या माणसाशी संभाषण केलं. दोघांमधलं अंतर होतं ६,६९६ फूट, म्हणजे दोन किलोमीटरहून जास्त.

संगीतकाराच्या दृष्टीने हे फार मोलाचं आहे. बर्फाच्या गाण्यात मोठ्याने गायची गरज नसते. हलका स्वरही दूरचा वाटू शकतो, आणि दोन स्वरांमधली मोकळी जागा ऐकणाऱ्याला लांबी-रुंदी दाखवते.

३. एक फुगा, तीन माणसं

आता कथा. सालोमोन आउगुस्ट आंद्रे हा स्वीडनच्या पेटंट कार्यालयातला अभियंता. हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवावरून उडत जायचं, ही त्याची योजना. राजा ऑस्कर दुसरा आणि आल्फ्रेड नोबेल यांनी पैसे दिले. फुग्याचं नाव ‘अर्नेन’, म्हणजे गरुड. तो सुमारे वीस मीटर व्यासाचा होता. वाऱ्याबरोबर वाहत जाणाऱ्या फुग्याला दिशा कशी देणार? आंद्रेचं उत्तर होतं जाड, लांब दोर. ते बर्फावर घासत राहतील, फुगा वाऱ्यापेक्षा हळू चालेल आणि मग शिडाने त्याला थोडंफार वळवता येईल.

१८९६ मध्ये वारा अनुकूल नव्हता म्हणून उड्डाण झालंच नाही. फुग्यातून वायू गळतोय हे मोजून दाखवणारा निल्स एकहोल्म त्यानंतर मोहिमेतून बाहेर पडला. त्याच्या जागी क्नूट फ्रेंकेल आला: सत्तावीस वर्षांचा, धट्टाकट्टा अभियंता. तिसरा निल्स स्ट्रिंडबर्ग, चोवीस वर्षांचा. तो पदार्थविज्ञान शिकलेला होता आणि छायाचित्रं काढायचा. आना शार्लिये या मुलीशी त्याचा साखरपुडा झालेला होता.

११ जुलै १८९७ रोजी स्वालबार्डमधल्या डान्स्कोया बेटावरून फुगा सुटला. सुटताक्षणीच गडबड झाली. फुगा पाण्याकडे खाली आला, त्यांनी वाळूच्या पिशव्या टाकल्या आणि दोरांचे खालचे भाग पिळातून सुटून किनाऱ्यावरच राहिले. हलका झालेला फुगा वर गेला आणि दिशा देण्याची सोय पहिल्या काही मिनिटांतच संपली. पुढे दव आणि धुकं गोठून फुगा जड झाला, बर्फावर आपटत-उडत राहिला आणि १४ जुलैला कायमचा बसला. स्ट्रिंडबर्गने आडव्या पडलेल्या फुग्याचं छायाचित्र काढलं.

मग चालणं. समुद्रावरच्या गोठलेल्या बर्फावरून सामानाने लादलेल्या स्लेज ओढत तिघं निघाले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते क्वितोया या बर्फाने झाकलेल्या बेटावर पोचले आणि तिथंच मेले. तेहतीस वर्षं जगाला काही कळलं नाही. ६ ऑगस्ट १९३० रोजी ‘ब्राटवाग’ या नॉर्वेजियन जहाजावरच्या माणसांना त्यांचा तळ सापडला. आंद्रेची रोजनिशी त्याच्या कपड्यांत होती. स्ट्रिंडबर्गच्या फिल्म बर्फातच होत्या. स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्‌झबर्गने २४० पैकी ९३ चित्रं वाचवली. म्हणजे गाण्याचा कच्चा माल ज्या थंडीने माणसं मारली, तिनेच सांभाळून ठेवला होता.

४. कविता आणि नोंद

कवितेला चाल लावणं सोपं असतं असं मी म्हणणार नाही, पण कविता चालीची वाट पाहत असते. तिच्यात लय असते, यमक असतं, पुन्हा येणारी ओळ असते. नोंदीत यांपैकी काही नसतं. थंडीने आखडलेल्या बोटांनी पेन्सिलीने लिहिलेली ती अर्धी वाक्यं असतात.

मग आर्जेंटोंनी ती का निवडली? त्यांना हा ध्यासच होता. १९६८ मध्ये त्यांनी संगीतकारांच्या पत्रांवर गाणी केली. व्हर्जिनिया वुल्फच्या रोजनिशीवरच्या मालेसाठी त्यांना १९७५ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. पत्र आणि रोजनिशी लिहिताना माणूस श्रोत्यांसाठी बोलत नाही, त्यामुळे त्याच्या वाक्यात जी फट राहते तिथं संगीताला शिरता येतं.

आणि इथं माझ्या मते या सगळ्या कलेचं मर्म आहे. नोंद लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे माहीत नसतं. गाणं ऐकणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं. या दोघांच्या माहितीतल्या अंतरात गाणं उभं राहतं. गायकाने नोंद लिहिणाऱ्याची बाजू घ्यायची, त्या दिवसापुरतंच जाणायचं. पियानोने मात्र पुढचं जाणलं तरी चालतं.

लोकगीत हे करत नाही. सर जॉन फ्रँकलिन १८४५ मध्ये दोन जहाजं आणि १२८ माणसं घेऊन वायव्य मार्ग शोधायला गेला आणि सगळेच नाहीसे झाले. त्याच्या पत्नीच्या दुःखावरचं इंग्रजी गाणं आजही गातात. ते गाणाऱ्याला शेवट ठाऊक आहे आणि तो शेवटापासूनच सुरुवात करतो. त्यातली हुरहुर खरी आहे, पण ती मागे वळून पाहणाऱ्याची.

५. एक नोंद घेऊन पाहू

हे प्रत्यक्षात कसं होतं हे कळावं म्हणून मी एक नोंद बनवतो. ती आंद्रेची नाही, उदाहरणापुरती आहे.

‘वारा वायव्येचा. उणे सहा. आज तीन किलोमीटर. सोबत्याचा पाय सुजला आहे. रात्री अस्वलाचं मांस, उत्तम.’

पहिला निर्णय: क्रम बदलायचा नाही. सुजलेला पाय चौथ्या जागी आला आहे, वारा-तापमान-अंतर लिहून झाल्यावर. चटका बसावा म्हणून तो आधी आणायचा मोह होतो. पण लिहिणाऱ्याने तो मागे ठेवलाय, यातच त्याची काळजी दिसते.

दुसरा निर्णय: किती स्वर? पहिली दोन वाक्यं मी एकाच स्वरावर ठेवीन, बोलल्यासारखी. ‘तीन किलोमीटर’ला आवाज तीन पायऱ्या वर चढेल, कारण लिहिणाऱ्याला त्याचा अभिमान आहे. ‘पाय सुजला आहे’ला मात्र उडी नको. फक्त अर्ध्या स्वराने वर, आणि परत. मोठी उडी घेतली तर गायक रडू लागेल, आणि ही माणसं कागदावर रडत नव्हती.

तिसरा निर्णय पियानोचा, आणि इथं भूगोल कामाला येतो. तिघं ज्या बर्फावरून चालत होते तो स्वतःच वाहत होता. दिवसभर पूर्वेकडे स्लेज ओढून संध्याकाळी स्थान मोजावं, तर बर्फाने त्यांना पश्चिमेला नेलेलं असायचं. ऑगस्टच्या सुरुवातीला याच कारणाने त्यांना आपलं लक्ष्यच बदलावं लागलं. हे वाक्यात नाही, पण स्वरांत आणता येतं: गायक तीन पायऱ्या वर चढत असताना पियानोचा डावा हात तीन पायऱ्या खाली सरकवायचा. गायकाला वाटतं आपण पुढे गेलो. ऐकणाऱ्याच्या पायाखालून जमीन सरकते.

चौथा: ‘उत्तम’. या शब्दाला मी खरोखर प्रसन्न स्वर देईन, जराही कडवटपणा न मिसळता. हे मांस त्यांचं मुख्य अन्न होतं आणि भुकेल्या माणसाला ते उत्तमच लागलं असणार. पुढे १९५२ मध्ये एर्न्स्ट ट्राइड या डॅनिश डॉक्टरने असं मांडलं, की अस्वलाच्या अर्धकच्च्या मांसातल्या कृमींनी ते आजारी पडले. यावर वाद आहे. पण ज्या श्रोत्याला ते माहीत आहे, त्याच्यासाठी तो प्रसन्न स्वरच सगळ्यांत अवघड ठरतो.

शेवटचा निर्णय पुनरुक्तीचा. भावगीतासारखं ध्रुवपद इथं लावता येत नाही. पण वारा, तापमान, अंतर हा क्रम रोज येतो. मालेतल्या दर दुसऱ्या गाण्यात तो त्याच एका स्वरावर आला की त्याचंच ध्रुवपद होतं. एखाद्या दिवशी तापमान लिहायचं राहून गेलं, तर ऐकणारा आपोआप दचकतो.

६. एक गळा, तिघांचे शब्द

आर्जेंटोंनी माला दोन भागांत केली: पहिला हवेतला, दुसरा बर्फावरचा. फुगा वर जातो, हवेतच जेवण होतं, मग अडचणी आणि उतरणं. दुसऱ्या भागात स्लेजचा अपघात, आजारपण आणि औषधं, भास. मध्येच एक गाणं राजाच्या समारंभाचं. ऑस्कर राजाच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाली, तो १८ सप्टेंबरचा दिवस या तिघांनी वाहत्या बर्फावर मेजवानी करून साजरा केला होता. जगात कुणी पाहत नसताना, आपण जिवंत राहू याची खात्री नसताना, तीन माणसं राजाच्या सन्मानार्थ जेवतात. हा प्रसंग मी कल्पनेने लिहिला असता तर कुणी विश्वास ठेवला नसता.

अवघड गोष्ट अशी, की हे सगळं एकाच गायकाने गायचं. माला लिहिली गेली होकान हागेगोर्डसाठी. हा स्वीडिश बॅरिटोन, म्हणजे पुरुषाच्या मधल्या पट्टीतला आवाज. इंगमार बर्गमनच्या ‘मॅजिक फ्लूट’ या १९७५ च्या चित्रपटातला पापागेनो अनेकांना आठवत असेल, तो हाच. त्याला कधी आंद्रे व्हायचं, कधी स्ट्रिंडबर्ग, कधी फ्रेंकेल. पोशाख बदलायची सोय नाही, म्हणून आवाजाची ठेवण, लय आणि साथ यांतूनच कोण बोलतोय ते कळायला हवं.

तिघांपैकी स्ट्रिंडबर्ग वेगळा उठून येतो, कारण तो आनाला लिहीत होता. पत्रं लघुलिपीत होती, पोचण्याची शक्यता नव्हती. आनाच्या वाढदिवसावरही मालेत एक गाणं आहे. दगडांच्या कपारीत पुरलेला एकटा स्ट्रिंडबर्गच सापडला, म्हणून तो आधी गेला आणि उरलेल्या दोघांनी त्याला पुरलं असं मानतात. आनाने पुढे एका इंग्रजाशी लग्न केलं. १९४९ मध्ये ती वारली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे तिचं हृदय स्टॉकहोममध्ये निल्सजवळ पुरण्यात आलं.

ही पत्रं खाजगी होती. ती रंगमंचावर गावीत का, हा प्रश्न मला टाळता येत नाही. माझं मत असं, की गाण्याने त्यांना छापील पुस्तकापेक्षा जास्त जपलं. एक माणूस, एक पियानो आणि शांत बसलेले लोक: वाचनापेक्षा हे जास्त अदबीचं आहे.

७. शब्दच नकोत

दुसरा रस्ता राल्फ वॉन विल्यम्स यांनी घेतला. दक्षिण ध्रुवावर १७ जानेवारी १९१२ ला पोचलेला कॅप्टन स्कॉट आणि त्याचे चार सोबती परतीच्या वाटेवर मेले. त्यावरच्या १९४८ च्या चित्रपटाला त्यांनी संगीत दिलं, आणि त्याच सामग्रीतून सातवी सिंफनी, ‘सिंफोनिया अंटार्टिका’, लिहिली. ती १४ जानेवारी १९५३ रोजी मँचेस्टरमध्ये जॉन बार्बिरोलींनी सादर केली. तिच्यात स्त्रीचा एकटा आवाज आहे आणि स्त्रियांचा समूह आहे, पण त्यांना एकही शब्द नाही. सोबत वाऱ्याचं यंत्र: लाकडी पट्ट्यांचा ढोल, त्यावर ताणलेलं कापड, आणि हाताने फिरवायचा दांडा. जोरात फिरवलं की वारा वाढतो. तिसऱ्या भागात ऑर्गन अचानक पूर्ण ताकदीने येतो, आणि हिमनदीपुढे माणूस केवढासा आहे ते छातीत कळतं.

हे आर्ट साँग नव्हे, मोठ्या वाद्यवृंदाचं काम आहे. तरी मी ते इथं घेतलं, कारण माणसाच्या आवाजातून शब्द काढून घेतला की तो प्रदेशाचा आवाज होतो. आर्जेंटोंचा गायक बर्फावर उभा असलेला माणूस आहे. वॉन विल्यम्सच्या स्त्रिया म्हणजे त्या माणसाची दखलही न घेणारा बर्फ. स्कॉटच्या शताब्दीला, २०१२ मध्ये, सेसिलिया मॅकडॉवल यांनी एका पुरुष गायकासाठी आणि वाद्यवृंदासाठी काम लिहिलं. त्यात त्यांनी पुन्हा पत्राचाच आधार घेतला, स्कॉटने पत्नीला लिहिलेल्या.

८. मराठीत करायचं झालं तर

हा विषय आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला तिथं पोचली. आज ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र गोव्यात वास्कोला आहे. स्वालबार्डमध्ये न्यू-ऑलेसुंडला २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ हे ठाणं आहे, आणि आंद्रेचा फुगा जिथून उडाला ते डान्स्कोया त्याच वायव्य किनाऱ्यावर, थोडं उत्तरेला आहे.

तिथं हिवाळा काढलेल्या कुणाची मराठी रोजनिशी हाती आली, तर पहिली अडचण आकड्यांची येईल. ‘अठ्ठावीस’ गाताना ‘ठ्ठ’पाशी श्वास अडतो, म्हणून तो लांब स्वरावर ठेवता येत नाही. ‘तीस’ मात्र एका श्वासात हवा तेवढा ताणता येतो. चाल लावणाऱ्याने नोंदी मोठ्याने वाचून कोणत्या दिवसाचा आकडा गाता येतो ते आधी पाहावं. साथीला तबला नको. ठेका आला की चालणाऱ्यांना रस्ता मिळाल्यासारखं वाटतं, आणि वाहत्या बर्फावर रस्ता नसतो. पेटीचे दोन स्वर धरून ठेवले आणि त्यांतला एक अधूनमधून किंचित सरकवला तर पुष्कळ काम होईल.

आणि लिहिणारी व्यक्ती हयात असेल तर चाल लावण्याआधी तिला विचारावं, निवडलेल्या ओळी वाचून दाखवाव्यात, एखादी ती काढा म्हणाली तर काढावी. घरच्यांना लिहिलेल्या पत्रातली ओळ असेल, तर घरच्यांनाही विचारावं.